व्हिसाचा कोट

मी एक जुना कोट आहे. एके काळी गडद निळा होतो, आता उजेडात धरलं तर कोपरांशी राखाडी दिसतो. माझ्या पुढच्या दोन्ही कडांना काजं आहेत. एका बाजूची उघडी, दुसऱ्या बाजूची रफू करून मिटवलेली. लोक ते पाहून हसतात. हसोत बापडे. मित्रांनो, त्या मिटवलेल्या काजांची हकीकत सांगायची तर मला अजूनही मान खाली घालावीशी वाटते, पण आज सांगूनच टाकतो.

माझा जन्म एका इमारतीच्या जिन्याखाली झाला. एक शिलाई मशीन, एक स्टूल, एक इस्त्री आणि मास्तर, एवढंच ते दुकान. मास्तर म्हणजे शिंपी. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेली बाही शिवून देणं, हीच त्यांची रोजची कामं. त्यामुळे एका नवऱ्यामुलाने लग्नासाठी कोट शिवायला टाकला तेव्हा मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. माझ्या खांद्यांवर त्यांनी किती जीव ओतला म्हणून सांगू! काजंसुद्धा हाताने केली. मी तयार झालो आणि तिकडे लग्न मोडलं. नवरामुलगा पुन्हा जिन्याकडे फिरकला नाही. कुणाच्या अंगावर चढायच्या आधीच मी टाकलेला झालो आणि खिळ्याला लटकून धूळ खाऊ लागलो.

मग एक दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा मुलगा धावत खाली आला. परदेशी विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला होता, विद्यार्थी व्हिसाची मुलाखत तोंडावर आली होती आणि अंगात घालायला धड काही नव्हतं. मास्तरांनी मला खाली काढलं, माझ्या बाह्या उसवल्या, त्याच्या मापाच्या केल्या आणि म्हणाले, "घाल. खांदे सरळ ठेव, बाकीचं कोट बघून घेईल." मुलाला व्हिसा मिळाला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, पण गल्लीला कोण समजावणार? पुढे औषधवाल्याचा भाचा मला घालून गेला, मग पोस्टमनची पुतणी. दोघंही हसत परत आले. तेव्हापासून माझं नाव पडलं 'व्हिसाचा कोट'.

मास्तरांनी माझ्या शिवणींत भरपूर माया ठेवली होती. जाड्यासाठी मला उसवून सैल करायचे, बारक्यासाठी आत घ्यायचे, पण आतलं जादा कापड त्यांनी कधी कापलं नाही. मोबदला म्हणून एकच अट असे. परत आल्यावर स्टुलावर बसायचं आणि आत काय विचारलं, तू काय सांगितलंस, ते सगळं सांगायचं. ते ऐकून मास्तर पुढच्याला शिकवायचे, "उत्तर आखूड दे. लांब उत्तराला सुरकुत्या पडतात." ज्यांना नकार मिळे ते मला गुपचूप खिळ्याला अडकवून निघून जात. मास्तर त्यांना कधी काही विचारत नसत.

खरं सांगतो, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. अभ्यास त्या पोरांनी केलेला, आणि हार माझ्या गळ्यात. तेवढी लाज मला तेव्हाही वाटत असे, पण कौतुक कुणाला नको असतं?

अखेर मास्तरांच्या स्वतःच्या मुलीची पाळी आली. तिला सगळे चिंगी म्हणत. सांडपाणी शुद्ध कसं करायचं, हा तिचा विषय. परदेशी विद्यापीठाने तिला शिष्यवृत्तीसकट बोलावलं होतं. सगळी गल्ली खूश, पण चिंगी म्हणाली, "बाबा, मला तो कोट नको. किती जणांच्या अंगावरून आलाय तो."

"सगळ्या गल्लीला फळला, आणि घरच्याच पोरीला नको?" तिची आई म्हणाली.

मास्तर स्टुलावर बसले. त्यांनी मला मशीनवर घेतलं. बायकांच्या कोटाची बटणं डाव्या बाजूला असतात म्हणून त्यांनी माझी जुनी काजं एकेक करून रफूने मिटवली आणि दुसऱ्या कडेला नवी केली. कंबर आत घेतली. मग कात्री उचलली आणि इतकी वर्षं जपलेली सगळी माया कापून टाकली.

"अहो, पुढच्या मुलांचं काय?" चिंगीच्या आईने विचारलं.

"त्यांच्यासाठी बघू काहीतरी. हा आता चिंगीचा."

चिंगीला मी असा बसलो, जणू तिच्यासाठीच बेतलेला. तिनेही आरशात दोनदा वळून पाहिलं.

मुलाखतीच्या दिवशी वकिलातीत खिडक्यांपुढे रांगा होत्या. चिंगीच्या पुढचा मुलगा खणखणीत आवाजात सांगत होता, "माझ्या वडिलांचे दोन कारखाने आहेत." त्याला व्हिसा मिळाला. चिंगीने ते ऐकलं, आणि माझ्या आत तिच्या काखा घामेजल्या.

खिडकीमागच्या अधिकाऱ्याने विषय विचारला, शिष्यवृत्ती विचारली. तिने उत्तरं चोख दिली. मग कागद चाळता चाळता त्याने सहज विचारलं, "वडील काय करतात?"

"त्यांचा तयार कपड्यांचा कारखाना आहे," चिंगी म्हणाली.

अधिकारी थांबला. "किती माणसं आहेत कामाला?"

"वीस."

"अच्छा. मग हा कोट तुमच्या कारखान्यातलाच असेल."

चिंगीने माझी कॉलर चाचपली. "नाही," ती म्हणाली. "हा दुकानातून विकत घेतलाय."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ते लपवलं असतं. ज्या हातांनी मला घडवलं ते हात रस्त्यापलीकडे पाण्याची बाटली घेऊन उभे होते, आणि त्यांच्याच लेकीने मला परकं केलं.

अधिकाऱ्याने पासपोर्ट परत सरकवला. "तुमच्या अर्जात वडील शिलाईकाम करतात असं आहे आणि तुम्ही वेगळंच सांगता आहात. आज व्हिसा देता येणार नाही."

बाहेर मास्तर इतर आईबापांच्या घोळक्यात उभे होते. आम्ही रस्ता ओलांडत असतानाच त्यांचा आवाज कानावर आला, "माझी मुलगी आत आहे. निळा कोट घातलाय ना, तो मीच शिवलाय." चिंगी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघताच मास्तरांनी ओळखलं.

"काय विचारलं त्यांनी?"

"विशेष काही नाही." ती इकडेतिकडे पाहू लागली. "सारखा कोटाकडेच बघत होता. जुना दिसतो हो बाबा. ती मिटवलेली काजं वगैरे."

नाचता येईना अंगण वाकडं! चोर सोडून संन्याशाला फाशी! पण मी बोलणार कसा? मास्तरांनी मला तिच्या अंगावरून हळूच उतरवलं, उन्हात धरलं आणि मिटवलेल्या काजांवरून अंगठा फिरवला.

"रफू दिसतं का गं?"

"दिसतं," चिंगी म्हणाली.

त्या दिवसापासून माझी रवानगी मशीनखालच्या पिशवीत झाली. कुणी कोट मागायला आलं की मास्तर म्हणायचे, "नको रे. तो आता फळत नाही." एवढ्यावर थांबले असते तरी मी गप्प बसलो असतो. पण पुढे कुणी नवं कापड घेऊन आलं की ते म्हणू लागले, "माझा हात आता तसा राहिला नाही, दुसरीकडे द्या." नवं काम बंद झालं. चेन बदलायची आणि पँट आखूड करायची, बस. पोरीचं नशीब आपल्या हातामुळे बिघडलं, असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. चिंगी जिना चढता-उतरता हे ऐकायची आणि पाय उचलून भरभर निघून जायची. एक शब्द बोलली असती तर बापाच्या छातीवरचा दगड उतरला असता.

विद्यापीठाने तिला पुढच्या सत्रात यायची मुभा दिली आणि दुसऱ्या मुलाखतीची तारीख मिळाली. तेव्हा मास्तरांनी असं काही केलं, जे कुठल्याही शिंप्याने करू नये. ते मुलीला घेऊन तयार कोट विकत घ्यायला दुकानात गेले. मापासाठी मला पिशवीत घालून सोबत नेलं.

दुकानातल्या विक्रेत्याने मला दोन बोटांत धरून टेबलावर पसरलं आणि तो हसला. "दोन्हीकडे काजं? हा कुणी शिवला हो?"

"आहे आमच्याकडचा एक जण," मास्तर म्हणाले. "सुमार काम आहे. तुम्ही आपला चांगला दाखवा."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. त्यांनी नवा कोट हातात घेतला, सवयीने बाही उलटी केली, आतली शिवण पाहिली. टीप वाकडी होती, ती मलासुद्धा दिसली. मास्तरांनी बाही सुलटी केली. "वा! अशी सफाई आमच्याकडे कुठली?" ते म्हणाले आणि कोट चिंगीपुढे धरला.

चिंगीने हात पुढे केले नाहीत. "बाबा, सांगा ना त्यांना, तुम्ही शिवलाय म्हणून."

"कशाला? जाऊ दे. तू हा घालून बघ."

"कोटामुळे नाही झालं ते." तिने नवा कोट बाजूला सारला. "मीच सांगितलं की तुमचा कारखाना आहे. वीस माणसं आहेत कामाला. आणि कोट विकत घेतलाय म्हणून सांगितलं. मला लाज वाटली, बाबा. तुमची."

विक्रेता एकाएकी शर्टांच्या घड्या घालण्यात गुंग झाला. मास्तर तिथल्याच स्टुलावर टेकले.

"वीस?"

"हो."

"जिन्याखाली बसवणार होतीस कुठे इतक्यांना?"

कुणीही हसलं नाही, तेही नाही. मग त्यांनी तो नवा कोट परत हँगरला लावला, बटणं नीट घातली आणि मला पिशवीत घेऊन बाहेर पडले. वाटेत इतकंच म्हणाले, "आधी सांगायचंस गं. मी आपला रफूला नावं ठेवत बसलो." चिंगी त्यांच्यामागून रडत चालली होती. त्यांनी तिला गप्प केलं नाही आणि रागावलेही नाहीत.

दुसऱ्या मुलाखतीला चिंगीने मलाच घातलं. या वेळी खिडकीमागे एक बाई होत्या. त्यांनी विषय विचारला, तेच विद्यापीठ का निवडलं ते विचारलं. वडिलांचं नावही काढलं नाही. चिंगीनेच काढलं. "मागच्या वेळी मी खोटं बोलले होते," ती म्हणाली. "माझे वडील शिंपी आहेत. हा कोट त्यांनी शिवलाय." बाईंनी पडद्यावरची मागची नोंद वाचली. आणखी चार प्रश्न विचारले, चांगले कसून विचारले. मग पासपोर्ट ठेवून घेतला आणि व्हिसा मिळेल म्हणून सांगितलं.

चिंगी धावतच बाहेर आली. मास्तर या खेपेला घोळक्यात नव्हते. एकटेच लांब भिंतीशी उभे होते.

"बाबा, मिळाला!" ती मोठ्याने म्हणाली. "मी सांगितलं त्यांना, माझे वडील शिंपी आहेत म्हणून. कोट त्यांनीच शिवलाय म्हणून!"

घोळक्यातल्या लोकांनी वळून पाहिलं. मास्तरांनी माझी बाही धरून तिला जवळ ओढलं.

"हळू बोल गं," ते म्हणाले. "लोक ऐकतील."

इतकी वर्षं मी त्यांच्याजवळ होतो, पण असं वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या आत चिंगी मेल्याहून मेल्यासारखी उभी राहिली.

मित्रांनो, आता मी चिंगीबरोबर परदेशात असतो. इथली थंडी माझ्या आटोक्यातली नाही, म्हणून माझ्यावर आणखी एक जाडजूड कोट चढतो. प्रयोगशाळेत, बसमध्ये, कुणी विचारो न विचारो, चिंगी सांगते की हा माझ्या वडिलांनी शिवलाय. लोक छान म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात.

रविवारी ती घरी व्हिडिओ कॉल लावते. तेव्हा जिन्याखालचं मशीन दिसतं, इस्त्री दिसते, मास्तर हसताना दिसतात. पण तिच्यामागून खोलीतली मैत्रीण गेली, की मास्तर पटकन फोन वळवतात आणि आम्हाला नुसती कोरी भिंत दिसत राहते. चिंगी म्हणते, "बाबा, मशीन दिसू दे ना." ते म्हणतात, "असू दे गं, इथे उजेड बरा आहे."

आपल्या माणसाला त्याच्या कामाची लाज वाटायला एक वाक्य पुरलं. ती लाज पुसायला चिंगी दर रविवारी बसते, आणि अजून ती पुसली गेलेली नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, मित्रांनो, माझ्यासारख्या कपड्यांना जपा, नका जपू. पण तुमच्या घरी कुणी असा फोन वळवत असेल, तर त्याला तो सरळ धरायला सांगा, आणि तेव्हा खोलीत चार माणसं असू द्या.