हिमालय कोणत्या ग्लासात?

या मंडळी, सतरंजी पुढे ओढा, जवळ बसा. हरिनाम घेऊन कतारच्या दोहा शहरातल्या एका तीर्थाची गोष्ट सांगतो.

तिथल्या अल गराफा वस्तीत विजयरावांच्या व्हिलात त्या शुक्रवारी पाय ठेवायला जागा नव्हती. आठवडाभर तिथेच मुक्कामाला असलेले हिमसरोवर महाराज काचेच्या बरणीशी दिवा धरून गर्जत होते, "हिमालयातल्या बर्फाच्या सरोवराचं तीर्थ! हे कुंकवाचे जीव बघा, ज्योतीकडे धावतात! महिनाभर तीन पळ्या घ्या, शुगर खलास!"

खरंच, लाल ठिपके टुणटुणत दिव्याकडे गोळा झाले. यजमानीण नीतावहिनींनी डोळे पुसले.

आसावरी मात्र गर्दीतून वाट काढत पुढे सरकली. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेला तिचा नवरा देवव्रत पहिल्याच रांगेत होता. "आता तीर्थच," म्हणत त्याने सकाळचं इंजेक्शन चुकवलं होतं.

आसावरी पाण्याच्या लॅबमध्ये कामाला. बरणीत वाकून पाहताच तिला हसू फुटलं. ती मागच्या अंगणात जाऊन ग्लासभर पाणी घेऊन आली, शेजारी तीर्थाचा ग्लास ठेवला आणि महाराजांकडे पाठ करून दोन्हींची अदलाबदल केली.

"महाराज, यातला हिमालय कोणता?"

फोनचा टॉर्च लागला. दोन्हीकडचे ठिपके उजेडाकडे धावले. महाराजांनी घाम पुसत डावीकडे बोट दाखवलं. "हा! तेज बघा!"

"हा विजयभाऊजींच्या मागच्या अंगणातल्या बंद कारंज्याचा."

हशा पिकला. आसावरी म्हणाली, "या पाणपिसवा, कोळंबीची चिमुकली भावंडं. उजेडाकडे जाणं ही त्यांची सवय, भक्ती नव्हे. पाण्यात ऑक्सिजन कमी पडला की त्या अशा लाल होतात. थंड, स्वच्छ सरोवरात कशाला होतील? तळं कसलं आहे ते आम्ही यांच्यावरूनच ओळखतो. बरणीतलं पाणीही कोमट डबक्याचंच!"

विजयराव ताडकन उठले. "म्हणजे रोज पहाटे कारंज्यापाशी तांब्या घेऊन अनुष्ठान चालायचं, ते हे?"

"अगं बाई, मी आठवडाभर पितेय!" नीतावहिनी बेसिनकडे धावल्या. महाराज चपलांकडे.

देवव्रत ओशाळला. "इन्सुलिनचं पेन घरी राहिलं गं."

आसावरीने पर्समधून काढून पुढे केलं. "यल्ला, चल, आधी शुगर बघ, टोचून घे. मग प्रसाद."

मंडळी, टाळ धरा, अभंग गा, भक्ती खुशाल करा. पण पाण्याची खात्री पाण्यातल्या जिवांकडून करून घ्या आणि दुखण्याची डॉक्टरकडून. प्रश्न विचारला म्हणून माझा विठोबा कधी रुसलेला नाही. आणि आज आरतीला हात जोडाल, तेव्हा कुठेतरी सुई बाजूला ठेवून पळी धरलेल्या त्या माणसाची आठवण ठेवा, ज्याच्या घरी आसावरी नाही.