शिवणार: वहिनी

सायकलच्या सीटखाली बांधायच्या त्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात तळहाताएवढे एक कार्ड ठेवलेले असे. त्यावर दोन ओळी छापलेल्या होत्या: ‘ही पिशवी एकाच हाताने शिवलेली आहे. हात कोणाचा, ते खाली लिहिले आहे.’ आणि खाली निळ्या शाईत, डावीकडे किंचित झुकलेल्या अक्षरांत: ‘शिवणार: वहिनी’.

ही कल्पना धाकट्याच्या सुपीक डोक्यातून निघाली होती. आठ वर्षांपूर्वी एका लांब पल्ल्याच्या सफरीसाठी त्याने थोरल्या भावाच्या बायकोकडून मेणकापडाची पिशवी शिवून घेतली. वाटेत तिघांनी ती कुठे मिळते म्हणून विचारले, आणि तो म्हणाला, “आमच्या वहिनी शिवतात.” एवढ्या भांडवलावर धंदा उभा राहिला. थोरल्याने कापड बेतायचे, वहिनीने शिवायचे आणि धाकट्याने निरनिराळ्या घाटांत सायकल उभी करून पिशवीचे फोटो काढायचे. श्रमविभागणीचे इतके निर्मळ उदाहरण पाठ्यपुस्तकांतही सापडणार नाही. दिवसाला तीन पिशव्या होत. ज्यांना हव्या असत ते चार-चार महिने थांबत आणि थांबल्याचा अभिमान बाळगत. अनोळखी माणसे ‘प्रिय वहिनी’ अशी सुरुवात करून पत्रे लिहीत. नात्याच्या शब्दाचे असे व्यापारचिन्ह केले की एक सोय होते: ज्याच्याशी नाते आहे त्याला त्याबद्दल काही द्यावे लागत नाही.

वहिनीचे सगळे कसब एका जागी एकवटलेले होते. पिशवीचा भार दोन पट्ट्यांवर असतो. पट्टा पिशवीला जिथे जोडतात तिथे टिपेचा एक चौकोन आणि चौकोनात फुली घालतात. कापडाचे चार थर आणि पट्ट्याचे दोन तिथे एकावर एक येतात. मशीन वेगात असेल तर त्या जाडीवर सुई केसभर वाकते आणि एखादा टाका खालचा दोरा न पकडताच पुढे जातो. वरून पाहणाऱ्याला टीप सलग दिसते. म्हणून फुलीचे शेवटचे सहा टाके आले की वहिनी मशीनवरचा पाय काढून घेई आणि उजव्या हाताने चाक फिरवून एकेक टाका घाली. हे तिला कोणी शिकवले नव्हते. पहिल्या वर्षी सुटलेल्या चार पट्ट्यांवरून ती ते शिकली होती.

मग एके दिवशी, अनेक शहरांत सायकलींची दुकाने असलेल्या एका कंपनीचा खरेदी अधिकारी आला. कारखान्यात दुसरी खुर्ची नसल्यामुळे तो कापडाच्या गठ्ठ्यावर बसला.

“दोन हजार नग,” तो म्हणाला. “पाच महिन्यांत. कार्ड मात्र असंच पाहिजे, हातानं लिहिलेलं. तसं करारातच घालू. लोक कार्ड बघून घेतात.”

दिवसाला तीन पिशव्या शिवणारा एक हात पाच महिन्यांत दोन हजार पिशव्या कशा शिवणार, हा प्रश्न त्या खोलीत कोणालाही पडला नाही. पडला असेल तर त्याने सभ्यपणे तोंड बंद ठेवले.

गणवेशांचा एक कारखाना बंद पडला होता. तिथल्या चौघी जणी नगावर कामाला आल्या, चार मोटरची मशिने आली. वहिनीचे पायाचे मशीन मागच्या भिंतीला लागले आणि त्यावर गठ्ठे चढले. वहिनीला खिडकीशी टेबल मिळाले, कार्डांचे खोके मिळाले आणि पेन मिळाले. ज्या बाईच्या हाताची कीर्ती होती तिच्या हाताला आता कापड लागत नव्हते.

पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, “भाऊजी, जी पिशवी मी शिवली नाही तिच्यावर मी नाव कसं घालू?”

“असं काय करता वहिनी? तुमच्या देखरेखीखालीच होतंय ना सगळं.”

“माझी देखरेख खिडकीबाहेर चालते. टेबल तुम्हीच तिकडे तोंड करून लावलंत.”

“उजेडासाठी हो. तुमच्या डोळ्यांना त्रास नको.”

थोरला कापडावर खडूने रेघ ओढत होता. मान वर न करता म्हणाला, “अगं, बेकरीवाला काय प्रत्येक पाव स्वतः मळतो?”

“नाही मळत. आणि मीच मळला म्हणून पावात चिठ्ठीही घालत नाही.”

चौघींमधली वयाने मोठी, चष्मेवाली, हे ऐकून हसली. “जाऊ द्या हो वहिनी. आम्ही चौघीही कुणाच्या ना कुणाच्या वहिनीच आहोत. कार्ड काही अगदीच खोटं नाही.”

“तू नाहीस मावशी,” शेजारची म्हणाली. “तुझ्या नवऱ्याला एक भाऊ नाही की बहीण.”

“चुलत आहेत की. बोलत नाहीत, तो भाग वेगळा.”

धाकटाही हसला. हे स्पष्टीकरण त्याने मनात जपून ठेवले असावे. पुढेमागे कोणी विचारलेच तर उपयोगी पडण्याजोगे होते.

दोन महिन्यांत सहाशे नग दुकानांत गेले. नवव्या आठवड्यात पाकीट आले. पत्र एका परिचारिकेचे होते. ती रोज सायकलने रुग्णालयात जात असे. उतारावर पिशवीचा डावा पट्टा सुटला, पिशवी मागच्या चाकाच्या तारांत गेली, ती पडली आणि तिच्या खांद्याजवळचे हाड मोडले. मजकुरात तक्रारीचा एक शब्द नव्हता. ‘कदाचित मीच जास्त सामान भरलं असेन,’ असे तिने लिहिले होते. ‘तुम्ही स्वतः शिवलेली म्हणून विश्वासानं घेतली होती. पट्टा सोबत पाठवते, तुम्हाला बघावासा वाटेल. डाव्या हातानं लिहिते आहे, अक्षराला हसू नका.’

वहिनीने पट्टा उलटा करून खिडकीशी धरला. फुलीच्या टोकाला सुईची सहा भोके होती. चारांत दोरा आलाच नव्हता.

ती सामानाच्या खोलीत गेली. तिथे पाठवणीसाठी तयार असलेल्या एकशे ऐंशी पिशव्या रचून ठेवलेल्या होत्या. भिंतीतल्या आकड्याला तिने एकेक पिशवी पट्ट्यांनी टांगली, आत दोन विटा घातल्या आणि तीन झटके दिले. वीस पिशव्या तपासून ती बाहेर आली.

“विसात चार,” ती म्हणाली.

धाकट्याने पत्र वाचले होते. “विटा घालून सायकल कोण चालवतं, वहिनी?”

“ती डबा आणि कपडे घालून चालवत होती.”

“वाईटच झालं. नवीन पिशवी पाठवू तिला. फळं पाठवू.”

“आणि बाकीचे सहाशे? ते रस्त्यावर आहेत, भाऊजी.”

“सहाशेंत पत्र एक आलंय. म्हणजे पाचशे नव्याण्णव जणांची काही तक्रार नाही.”

न पडलेल्या माणसांचे मौन ही प्रशस्ती समजण्याची रीत फार जुनी आहे. तिच्यावर मोठमोठी राज्ये चालली, तेव्हा एक कारखाना चालायला हरकत नव्हती.

“त्या परत मागवा,” वहिनी म्हणाली.

“मागवल्या तर करार गेला. करार गेला तर ही मशिनं गेली, ही जागा गेली. उरेल काय? तुम्ही आणि तुमच्या तीन पिशव्या.”

“मग माझं नाव काढा.”

“नाव करारात आहे.”

“मग निदान फुली तरी नीट घालू द्या. पुढच्या चौदाशेंची.”

“ते करा की,” थोरला म्हणाला. “त्याला कोण नको म्हणतंय? शिकवा यांना.”

तिने चौघींना शिकवले. चष्मेवालीला एका सकाळीत जमले. खरे तर वहिनीपेक्षा तिचा हात अधिक सफाईदार होता, आणि हे वहिनीने बोलून दाखवले. पण संध्याकाळपर्यंत चष्मेवालीच्या पिशव्या चारऐवजी दोन झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मोटर पुन्हा पूर्वीसारखी सलग वाजू लागली.

“मावशी, पाय नाही काढलात.”

“नाही काढला.” चष्मेवालीने कापड पुढे सरकवले. “टाका चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण आम्ही नगावर आहोत. तुमच्या सहा टाक्यांत माझा अर्धा नग जातो. दर वाढवून द्या, साठ टाके हातानं घालते.”

“दर मी ठरवत नाही.”

“मग टाकेही तुम्ही ठरवू नका, वहिनी. राग मानू नका.”

राग मानायला जागा नव्हती. बाई बरोबर बोलत होती, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसाइतका अडचणीचा माणूस दुसरा नसतो.

दर वाढणे शक्य नाही, असे थोरल्याने सांगितले. किंमत करारात बांधलेली होती. त्यानंतर धाकट्याची नजर खोलीभर फिरली. त्या खोलीत प्रत्येकाच्या वेळेला दर होता. चौघींना नगामागे होता, माल न्यायला येणाऱ्या टेम्पोला तासामागे होता, विजेला तर होताच. एकच माणूस असे होते की त्याने काम सावकाश केले तर कोणाचेही नुकसान होत नव्हते, कारण त्याने ते भराभर केले तरी त्याला कोणी काही देणे लागत नव्हते. नजर खिडकीशी थांबली.

“वहिनी,” धाकटा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरीचा आदर होता, “फुल्या तुम्हीच घाला ना. सगळ्या. कार्डही खरं होईल.”

“सगळ्या?”

“तुम्हाला मशीन परत हवं होतं ना? कधीपासून म्हणत होतात.”

ती म्हणत होती, हे खरेच होते. नकाराचा शब्द शोधायला ती जिथे जाई तिथे तिचेच एखादे जुने वाक्य उभे असे: मला मशीनवर बसू द्या, माझ्या नावाची पिशवी माझ्या हातची असू द्या, फुली नीट घालू द्या. तिच्या सगळ्या मागण्या एकाच वेळी मान्य झाल्या होत्या.

दुपारी गठ्ठे हलवून मशीन बाहेर काढले गेले. चौघी जणी पिशवी शिवून पट्टे नुसते टाचून ठेवू लागल्या. त्यांचे काम हलके झाले, नग वाढले, आणि वहिनीच्या डाव्या बाजूचा ढीग तिच्या खांद्यापर्यंत आला. दर पिशवीला दोन फुल्या. फुल्या संपल्या की कार्डे. तयार असलेल्या एकशे ऐंशीही उसवून पुन्हा करायच्या होत्या. आठवड्याने तिचा अंगठा सुजला, तेव्हा थोरल्याने स्वतः जाऊन मलम आणले. या घरात कोणी वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाशी निदान भांडता येते.

परिचारिकेला उत्तर पाठवायचे राहिले होते. तिसऱ्यांदा आठवण झाल्यावर वहिनीने मशीनवरच कागद ठेवून लिहिले: ‘ती पिशवी मी शिवलेली नव्हती. तशा सहाशे पिशव्या बाहेर आहेत; कुणाकडे दिसली तर वापरू नका म्हणून सांगा. आता प्रत्येक पट्ट्याची फुली मी स्वतः घालते.’

थोरल्याने कागद उभ्यानेच वाचला. खिशातली पेन्सिल काढून त्याने पहिली दोन वाक्ये खोडली, घाईने नव्हे, कापड बेतताना ओढायचा तशी सरळ रेघ ओढून.

“तिसरं चांगलं आहे. तेवढंच लिही.”

“तिसरं कार्डावर घेऊ या,” धाकटा त्याच्या खांद्यावरून वाचत म्हणाला. “‘प्रत्येक पट्टा वहिनी स्वतः जोडतात.’ पुढच्या ऑर्डरला बोलता येईल.”

“पुढची ऑर्डर?”

“तीन हजारांचं विचारतायत. अजून नक्की नाही.”

वहिनीने खोडलेल्या ओळींवर बोट ठेवले. “आणि हे?”

“त्यानं तिचं हाड जुळणार आहे का?” थोरला म्हणाला.

“दुसऱ्या कुणाचं मोडणार नाही.”

थोरल्याने पेन्सिल खिशात ठेवली. मग आवाज न चढवता म्हणाला, “अगं, ते पत्र रुग्णालयात जाणार. चार जण वाचणार, दुकानापर्यंत पोचणार. मग या चौघींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगावं लागेल. मी नाही सांगणार. तुला सांगायचं तर आत्ता सांग, समोरच बसल्यात.”

मशिने कधी थांबली ते वहिनीच्या लक्षात आले नव्हते. चौघी जणी तिच्याकडे पाहत होत्या. सर्वांत धाकटीच्या मांडीवर अर्धवट शिवलेली पिशवी होती आणि तिने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. चष्मेवालीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. कोणी काही मागितले नाही. मागितले असते तर नाही म्हणता आले असते.

वहिनीने नवा कागद घेतला आणि एक वाक्य लिहिले.

आधी चष्मेवालीची मोटर सुरू झाली, मग एकेक करून बाकीच्या तिघींची. धाकट्याने कागद घडी घालून पाकिटात सरकवला आणि ते चिकटवायला डिंक सापडेना, म्हणून शेजारच्या दुकानातून तो स्वतः जाऊन घेऊन आला.