पेरूचा चोथा

त्र्याण्णव साली हैदराबादेत, हिमायतनगरच्या आमच्या दारात नवी पांढरी मोटार आली आणि माझ्या ओव्यांना पहिल्यांदाच शत्रू मिळाला.

गाडी कडुलिंबाखाली उभी असायची. रोज सकाळी टपावर चघळून थुंकलेले चोथे! लिंबाला लागूनच वरच्या मजल्यावरच्या मुकुंदरावकाकांची गॅलरी. त्यांना सुपारीचा भारी नाद. माझी प्रत्येक ओवी आधी त्यांच्या कानी, मग वहीत. दुसरा श्रोता मला नव्हताच. पण गाडी नवी होती ना! हळदीकुंकवाला भरल्या घरात मी सूर लावला:

वरच्या मजल्यावर, बाई, राहतो पाहुणा
तोंडात ग त्याच्या सुपारीचा कारखाना

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटलं, काय ही माझी प्रतिभा!

दुसऱ्या दिवसापासून मुकुंदराव चहाला खाली उतरेनात. आठवडा गेला. नव्या ओव्या मी कुकरला ऐकवल्या. त्याने फक्त शिट्टी मारली.

शेवटी झाडणाऱ्या सावित्रीबाईंनी टपावरचा चोथा उचलून माझ्या नाकाशी धरला. "वास घ्या अम्मा. पेरू आहे. गब्बिलम, तुमचं ते वटवाघूळ. मागच्या परसातला पेरू तोडतंय, इथं लिंबाला लटकून खातंय. रस पितंय, चोथा थुकतंय."

"तोडलं तिथंच का नाही खात?"

"तुम्ही खाता काय झाडावर बसून?"

चोथ्यावर बारीक दातांचे वळ होते. वरून खलबत्त्याची ठकठक ऐकू आली. मुकुंदराव सुपारी कुटत होते. ती ठकठक मी वर्षानुवर्षं ऐकत होते. सुपारी माणूस का कुटतो, एवढं मात्र कधी सुचलं नाही. आणि म्हणे कवयित्री!

पिकला पेरू घेऊन जिना चढले. "काका, चुकले."

त्यांनी तोंड उघडून दाखवलं. एकही दात नाही. "कारखाना बघून घे बेटी. कधीचा बंद आहे."

मला हसूही येईना, रडूही. त्यांनी पेरू कुस्करला, हिरड्यांनी चोखला, चोथा वाटीत टाकला. वाटी मुद्दाम माझ्यापुढे सरकवली. "हा मात्र माझा. आता म्हण. पण नवी पाहिजे, ती जुनी नक्को."

मी खाली मान घालून म्हटलं:

वाघूळ ग शहाणं, रस पिऊन चोथा टाकी
माझिया ओवीत, बाई, चोथाच उरे बाकी

"दुसरी ओळ बरी आहे," ते म्हणाले. "चहा टाक. उतरतो."