भागुबाईची बॅटरी

"विडी इझव आधी! भाईर हो, भाईर!"

नागोजी असा ओरडला की गिऱ्हाईक उंबऱ्यातनंच मागं सरलं. त्या कन्नड माणसाला शब्द कळले नाहीत, पण नागोजीचं तोंड बघून त्यानं विडी चिखलात दाबली. आत ओळीनं मांडलेल्या बॅटऱ्यांची बुचं उघडी होती, आतलं ॲसिड बुडबुडत होतं. त्यातनं निघणाऱ्या वायूला ठिणगी लागली असती तर शेड जाग्यावर राहिली नसती.

कानडी मुलखातल्या येलहंक्याच्या या शेडीत नागोजी बारा वर्षं बॅटऱ्या भरत होता. माणूस खानापुराकडचा. बायको गेली, मागं कुणी उरलं नाही. कन्नड यायचं ते कामापुरतं. पोटातलं बोलावं असं माणूस एकच, भागुबाई.

भागुबाई दोन कोसांवरच्या वस्तीतली. तिची मराठी माणसं किती पिढ्यांपासनं इथं रागी पिकवत होती, तिलाही ठाऊक नव्हतं. नवरा आप्पाजी अंथरुणाला खिळलेला. त्याला विरंगुळा रेडिओचा, आणि वस्तीत वीज नाही. महिन्यातनं एकदा भागुबाई डोक्यावर बॅटरी घेऊन यायची, सकाळी शेडीत ठेवून बाजारात भाजी विकायची, आणि दुपारपासनं सांजेपर्यंत दारात बसून बोलायची.

"अण्णा, जेवलासा का?" असं मराठीत विचारणारं नागोजीला दुसरं कुणी नव्हतं.

त्या पावसाळ्यात नागोजीच्या मनात पाप शिरलं. तिची पाठ वळली तसा त्यानं करंट निम्म्यावर आणला. भागुबाई पंधरा दिवसांतच हजर.

"लौकर उतरली की ओ, अण्णा."

"जुनी झालीया," तो मान वर न करता म्हणाला.

मग तसंच आणखी दोनदा.

पुढल्या खेपेला ती आली ती खांदा धरूनच. बांधावर पाय घसरला, बॅटरी कलंडली, ॲसिड खांद्यावर सांडलं. लुगड्याची चाळण झालेली. नागोजीनं घागरीमागनं घागर तिच्या खांद्यावर ओतली.

"चोळू नगा. लई जळतंय?"

"स्वल्प," थोडंसं, ती दात आवळून कन्नडात म्हणाली.

लाल झालेली कातडी बघून नागोजीनं घागर खाली ठेवली.

"बाई, बॅटरी जुनी न्हाई. मीच अर्धी भरत हुतो."

"कशापायी?"

"तुमी लौकर यावं म्हून."

भागुबाईनं ओला पदर पिळला. मग म्हणाली, "रेडिओ बंद पडला की ते भित्तीकडं तोंड करून पडत्यात, अण्णा."

त्या दिवशी नागोजीनं सांडलं होतं तेवढं पातळ ॲसिड घातलं, करंट हळू पण पुरा दिला, बॅटरीच्या दर घरात ॲसिडाचा जोर मापायची काचेची नळी बुडवून बघितली, बुचं घट्ट लावली, वरचा भाग सोड्याच्या पाण्यानं पुसला. सांजेला भागुबाईनं ओळखीच्या गाडीवानाला हाक मारली, बॅटरी गाडीत ठेवली आणि गाडीत चढून गेली.

महिना उलटल्यावर तोच गाडीवान बॅटरी घेऊन एकटा आला.

"अक्का?" नागोजीनं भागुबाईचं विचारलं.

"खांदा बरा आहे," गाडीवान कन्नडात म्हणाला. "रेडिओ पुरा महिना वाजला, तेवढं सांग म्हणाली."

गाडीवान बाजारात गेला. दिवसभर नागोजी बॅटरीपाशी बसला. सांजेला नळीतला तरंगता काटा भरल्या खुणेवर आला. गाडीवान परतल्यावर त्यानं बॅटरी गाडीतल्या गवतात उभी टेकवली, दोरानं आवळली, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात उभा राहिला.

आता महिनाभर तिकडनं कुणी येणार नव्हतं.