दहाची नळी

हार्लन ट्वेट जाऊन वर्ष उलटलं, तरी सकाळी लोर्ना सवयीने काडतुसं भरायला तळघरात उतरली की तो मागे येऊन उभा राहायचा. दिसायचा नाही, नुसता कॉफीचा फुरका ऐकू यायचा. जिवंत होता तेव्हाही तो असाच उभा राहून फुरके मारायचा आणि ती वैतागून म्हणायची, "माणसासारखी पी की रे!" आता ती काही म्हणत नसे. मान न वळवता यंत्राचा दांडा दाबत राहायची आणि अंगावरचा काटा ओसरायची वाट बघायची. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगून कोण विश्वास ठेवणार होतं?

बायकोने घरीच दारू आणि गोळी बसवून काडतुसं भरायची आणि नवऱ्याने उडवायची, ही त्या घरातली वाटणी. वर्षापूर्वीच्या नोव्हेंबरात हार्लन एल्क जातीच्या मोठ्या हरणाच्या शिकारीला डोंगरावर गेला. त्याची गोळी नराच्या पोटात लागली. जखमी जनावर तसंच सोडून घरी यायचं नाही, हा तिथला कायदा कुठे लिहिलेला नाही, पण मोडतही कुणी नाही. हार्लन रक्ताच्या मागावर गेला, मागून वादळ आलं, आणि बर्फ वितळल्यावर एप्रिलात तो शेजारच्या एमेट सॉर्लीला ओढ्याच्या काठी सापडला, आणि थोड्या अंतरावर पोटात गोळी लागलेला तो नरही.

पण जनावराच्या खांद्यामागे सोडून हार्लनची गोळी कधी दुसरीकडे लागली नव्हती. मग या वेळी पोटात कशी? खोऱ्यातल्या लोकांनी उत्तर शोधून ठेवलंच होतं. पुन्हा पिऊ लागला असेल, हात थरथरला असेल. हार्लनने व्हिस्की सोडून कितीतरी वर्षं झाली होती, पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? आणि सगळ्यांत मोठं तोंड होतं पोटच्या पोराचं. बापाची शवपेटी चर्चमधून निघाली तेव्हा ड्वेन बाहेर आपल्या ट्रकला टेकून उभा होता. खांदा शेजाऱ्यांनी दिला. लोर्नाला नवऱ्याच्या मरणाइतकंच ते लागलं.

जुलैत ड्वेन आला, बापाची रायफल आणि डब्यात उरलेली काडतुसं घेऊन गोठ्यामागे गेला. पाच गोळ्या झाडल्या. पाचही एका नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ लागल्या. निशाण्याचा कागद आईपुढे टाकून म्हणाला, "बघ. तुझ्या गोळ्या शहाण्या आहेत. हात शहाणा नव्हता." जेवायलाही थांबला नाही.

जानेवारीत एकदा पारा उणे तीसवर गेला. त्या सकाळी तळघरात फुरका थांबेचना. एक, मग दुसरा, मग आणखी. शेवटी लोर्ना गर्रकन वळली आणि ओरडली, "काय हवंय तुला?"

मागे कुणी नव्हतं. फळीवर तो काडतुसांचा डबा होता आणि खिडकीच्या काचेवर दव गोठलं होतं. हार्लन गेला त्या दिवशीही काचा अशाच गोठल्या होत्या. तिच्या मनात आलं, ड्वेनने गोळ्या झाडल्या त्या भर उन्हाळ्यात. असल्या गारठ्यात कुणी झाडून बघितल्यात?

तिने कोट चढवला, गोठ्यामागे कागद लावला आणि शंभर यार्डांवरून चाप ओढला. बार झाला, आणि त्यामागून एक आवाज गेला. फर्रर्र! झुडपातून तितर उडावा तसा. तिने आणखी दोन झाडल्या. दोन्ही वेळा तितर उडाला.

कागदावर गोल भोकं नव्हतीच. गोळ्या आडव्या होऊन घुसल्या होत्या. लांबुळक्या फटी पडल्या होत्या, त्याही एकमेकींपासून वीतभर दूर.

तिने रायफल घरात आणून टेबलावर ठेवली. नळीच्या आतल्या पिळामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि म्हणून सरळ जाते. गोळी जेवढी लांब, तेवढा पीळ घट्ट हवा. हार्लन गेला त्याच वर्षी लोर्नाने शिशाच्या गोळ्या सोडून तांब्याच्या आणल्या होत्या, कारण शिकारीची आतडी खाऊन गरुड शिशाने मरत होते. तांबं हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. हे तिला पाठ होतं. पण सासऱ्याने रायफल हातात देताना "दहाची नळी आहे" म्हणून सांगितलं होतं, म्हणजे दहा इंचांत पिळाचा एक पुरा फेरा. त्या गोळ्यांना दहा भरपूर झाला असता. म्हाताऱ्याच्या शब्दावर या घरात कधी कुणी पट्टी लावली नव्हती.

तिने लावली. साफसफाईच्या गजाला घट्ट चिंधी गुंडाळली, गजावर शाईची खूण केली आणि हळूहळू आत ढकलला. खूण एक फेरा घेऊन पुन्हा वर आली तेव्हा गज बारा इंच आत गेला होता.

बारा. उन्हाळ्याच्या पातळ हवेत तो पीळ कसाबसा पुरला होता. थंडीच्या दाट हवेत गोळी कोलमडली. हार्लनचा हात थरथरला नव्हता! क्षणभर लोर्नाला इतका आनंद झाला की ती मोठ्याने हसली. मग तिला आठवलं की काडतुसं कुणी भरली होती.

शेगडी पेटलेली होती आणि कागद जळायला कितीसा वेळ लागतो? तिने तो घडी करून खिशात घातला आणि ट्रक काढला.

ड्वेन त्याच्या गॅरेजमध्ये एका ट्रॅक्टरखाली होता. बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "आई, असल्या रस्त्यावर? डोकं ठिकाणावर आहे ना?"

तिने कागद पुढे केला. त्याला समजावायची गरजच नव्हती.

"आडव्या गेल्या. कुठल्या रायफलीतून?"

"बाबांच्या. त्याच डब्यातल्या."

"काहीतरीच. मी स्वतः झाडल्या त्या."

"तू जुलैत झाडल्यास. मी आज सकाळी. आजोबांची नळी दहाची नाही रे, बाराची आहे. मोजली मी. थंडीत गोळी टिकत नाही. चुकला तो बाबांचा हात नव्हे, माझा. मी न मोजता भरल्या. मला काय बोलायचं ते बोल, पण त्यांना आता बेवडा म्हणू नकोस."

ती ओरडा खायला तयार होऊन आली होती. पण ड्वेनने कागदावरच्या एका फटीवरून बोट फिरवलं.

"आवाज आला होता?" त्याने विचारलं. "गोळी जाताना?"

"आला. तितर उडाल्यासारखा."

तो जवळच्या टायरवर बसला.

"त्या दिवशी बाबांनी मला डोंगरावरून फोन केला होता," तो म्हणाला. "वारा होता. शब्द तुटत होते. म्हणाले, ड्वेन, गोळी तितरासारखी फडफडत गेली रे, पोटात लागली बहुतेक, मी मागावर निघालोय, तू ये. मला वाटलं, प्यायलेत, बरळतायत. मी म्हटलं, उतरली की करा फोन. आणि ठेवून दिला."

गॅरेजचा पत्रा वाऱ्याने वाजत होता. लोर्नाला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला कुशीतही घ्यावंसं वाटलं. तिच्याने दोन्ही झालं नाही. सगळा दोष स्वतः उचलायचा म्हणून ती आली होती, आणि पोराने तो वर्षभर आधीच उचलून ठेवला होता. ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली आणि मग घरी गेली.

दुसऱ्या सकाळी तळघरात फुरका ऐकू आला नाही. तिसऱ्याही नाही. खरं सांगायचं तर तिला चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात एका सकाळी फोन वाजला. ड्वेन होता, आणि फार हळू बोलत होता.

"आई, बाबा कॉफी पिताना फुरका मारायचे ना?"

"मारायचे."

"माझ्या मागे उभे आहेत."

लोर्नाने खुर्ची ओढली आणि बसली.

"घाबरू नकोस, ते काही करत नाहीत," ती म्हणाली. "पण ड्वेन, या वेळी फोन ठेवू नकोस."