पाच मिनिटांची साक्ष

माझी साक्ष पाच मिनिटांची आहे. घड्याळ लावून बघा, फार तर दहा सेकंद इकडेतिकडे. सहा वर्षांत चर्चमध्ये साठेक वेळा दिली असेल. आता ती देता देता, उद्या कुठल्या इमारतीत जायचंय याचा विचारही मी आरामात करू शकतो.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. चर्चला लिफ्ट नसते, त्यामुळे चाळिशीपर्यंत कामानिमित्तसुद्धा तिकडे जाण्याचा प्रसंग आला नव्हता. बायको जायची, मी घरी लोळायचो. मग एके दिवशी मी आणि माझा जोडीदार लंबू एका दहा मजली इमारतीत, लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उतरून काम करत होतो आणि वरून लिफ्ट खाली आली. ब्रेक लागलाच नाही. कोपऱ्यात एका माणसापुरती जागा होती. लंबूने मला तिथे ढकललं आणि स्वतः खाली सापडला. आम्हाला बाहेर काढायला दोन तास लागले. तोवर लंबू गेला होता. त्या अंधारात मी जन्मात पहिल्यांदा येशूला हाक मारली आणि कुणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं. ते खरं आहे. त्याबद्दल आजही कुणी वाद घालायला येऊ नये.

पहिल्यांदा साक्ष दिली तेव्हा सतरा मिनिटं बोललो आणि ढसाढसा रडलो. नंतर पाळकसाहेबांनी प्रेमाने बाजूला घेतलं. "पाच मिनिटांत बसवा. आधी कसे होतात, काय घडलं, आता कसे आहात. पाल्हाळ नको." घरी आमच्या हिने ओट्यावर घड्याळ ठेवलं आणि आम्ही कात्री चालवली. आधी ब्रेकची माहिती गेली, मग हॉस्पिटल गेलं. तरी आठ मिनिटं व्हायचीच. राहिला लंबू.

"त्यांचं ऐकलं की लोक विचारतात, देवाने तुम्हालाच का वाचवलं," पाळकसाहेब म्हणाले. "त्याचं उत्तर पाच मिनिटांत देता येत नाही."

मला पटलं. तेव्हापासून वाक्य असं आहे: लिफ्ट खाली आली आणि प्रभूने मला कोपऱ्यात लोटलं.

सुरुवातीला ते घशात अडकायचं. पुढे अडकेनासं झालं, आणि मग मला काहीच वाटेनासं झालं. प्रार्थनेतही तेच. डोळे मिटतो, आमेन म्हणतो, डोळे उघडतो.

गेल्या रविवारी तिसऱ्या रांगेत लंबूची बायको बसली होती. त्याला मातीत ठेवलं त्यानंतर मी तिच्या घरी एकदाही गेलो नव्हतो. वेळ मिळाला नाही असं मी सांगतो. खरं म्हणजे जायला तोंड नव्हतं.

हिने मला कोपराने ढोसलं. "अहो, आज तरी त्यांच्याबद्दल बोला."

मी मान हलवली. अगदी ठरवून पुढे गेलो, माईक घेतला, आणि तोंडाने आपलं नेहमीचं सुरू केलं. मी नुसता ऐकत राहिलो. ती जागा आली तेव्हा वहिनींकडेच बघत होतो. "आणि प्रभूने मला कोपऱ्यात लोटलं." आवाज कापलासुद्धा नाही. मंडळी आमेन म्हणाली. लाज वाटायला हवी होती. वाट पाहिली, आली नाही.

उपासना संपल्यावर ती सरळ माझ्याकडे आली.

"वहिनी, मला त्यानेच ढकललं," मी घाईघाईने म्हणालो.

"माहितीये मला, भाऊजी. तुम्ही पहिल्यांदा बोललात तेव्हा मी होते ना इथे. मागे, दाराशी."

हे मला ठाऊक नव्हतं.

"तुम्ही म्हणालात, तो अर्धा तास तरी बोलत होता. काय बोलला तेही सांगितलंत. पण मला रडू आवरेना, धड ऐकूच आलं नाही. परत यायचा धीर होईना. शेवटी आज म्हटलं, रडायचं नाही, नीट ऐकून घ्यायचं." तिने पदर सारखा केला. "तेवढंच राहिलं बघा आज. काय म्हणत होता तो?"

मी आठवायला लागलो. लंबूचा आवाज आला. तो धापा टाकत बोलत होता, मध्येच एकदा हसलाही. शब्द मात्र नव्हते. मी हिच्याकडे पाहिलं. हिने मान खाली घातली. तो भाग आम्ही कधी लिहून ठेवलाच नव्हता, थेट गाळला होता. तुमचंच नाव घेत होता, असं म्हणून मोकळं व्हायला माझं काय जात होतं? पण तेवढं माझ्याच्याने होईना.

"आठवत नाही, वहिनी."

ती रडली नाही. ठरवूनच आली होती ना.

"बरं," ती म्हणाली. "त्या दिवशी इथे बरीच माणसं होती. त्यांच्यापैकी कुणाला आठवत असेल."

आणि ती खुर्च्या उचलणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली. त्याने थोडा विचार केला आणि नाही म्हणून मान हलवली. मग ती पेटी वाजवणाऱ्या बाईंकडे वळली.