कंट्रोलची काच

माझ्या भाचीच्या पोटातली गाठ आमच्या लॅबमध्ये मेणाच्या ठोकळ्यात आहे. पोर जाऊन सहा वर्षं झाली. माझ्या बहिणीला या ठोकळ्याचा पत्ता नाही, आणि मी सांगणारही नाही.

गाठ रंगायची मात्र झकास. चेतापेशी घडवणारं एक प्रथिन असतं, पेशीच्या केंद्रकात बसून जनुकं चालू-बंद करणारं. हाडांतल्या मज्जेत त्याचं काहीएक काम नाही. उपचार घेतलेल्या पोराच्या मज्जेत ते दिसलं, की गाठीच्या पेशी अजून आहेत असं समजायचं. ते शोधायला आमच्याकडे मोनोक्लोनल अँटीबॉडीची इवलीशी बाटली असते. ती फक्त त्याच प्रथिनाला चिकटते, मग केंद्रकं तपकिरी होतात. बाटली शाबूत आहे ना, हे कळायला नमुन्यांच्या रोजच्या काचांसोबत, ते प्रथिन नक्की असलेल्या गाठीची एक काच रंगवायची. तिला कंट्रोल म्हणतात. सहा वर्षं त्या काचेवर माझी भाची होती.

दर काचेला ठोकळ्याचा एक पातळ काप जातो; ठोकळा संपत आला. डॉक्टर म्हणाले, दुसरा काढा. मी हो हो म्हटलं आणि काढला नाही. आठवड्यात एकदाच, सोमवारी, कंट्रोल रंगवायला लागले आणि तीच काच रोजच्या ट्रेमध्ये सरकवायला लागले. तीस वर्षं हेच करतेय, बाटली बिघडली तर मला कळणार नाही होय? ही झाली मिजास. खरं म्हणजे मला तिला संपवायचं नव्हतं.

या सोमवारी कंट्रोल कोरा आला. नवी बाटली उघडून पुन्हा रंगवला, तर नेहमीसारखा तपकिरी. म्हणजे जुनी बाटली मेली होती. कधी, देव जाणे. तिच्यातल्या अँटीबॉडीने आठवड्याभरात चार पोरांचे नमुने रंगवले होते आणि चौघांना ‘गाठीच्या पेशी नाहीत’ असा रिपोर्ट गेला होता.

चारही नमुने पुन्हा रंगवले. तीन कोरे. चौथा तपकिरी.

चौथी मुलगी तळघरात रुग्णांचे झगे शिवणाऱ्या बाईची. चार वर्षांची. शुक्रवारी ही बाई वर येऊन माझे हात धरून आनंदाने रडली होती. उपचार संपले म्हणून शनिवारी पोरीच्या छातीतली औषधाची नळीसुद्धा काढली.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि वॉर्डात फोन लावला. त्यांचा निरोप पोचण्याआधी मी तळघरात गेले, कारण मला माझी लाज वाटत होती आणि हे उद्यावर टाकलं असतं तर मी गेलेच नसते.

बाईने मशीन थांबवलं, स्टुलावरचे कपडे उचलून मला जागा केली. रिपोर्ट चुकला, पेशी आहेत, नळी पुन्हा बसवावी लागेल, असं मी एका दमात बोलून टाकलं. ती बराच वेळ सुईखालचं कापड सरळ करत राहिली. मग चूक कशी झाली म्हणून तिने विचारलं. मी ठोकळ्याचं सांगितलं, भाचीचं सांगितलं.

“संपेल म्हणून वाचवत होते,” मी म्हटलं.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“तुमची गेलेली होती ना, ताई?” ती म्हणाली. “माझी आहे अजून.”